उमेदवार निघालेत

"उमेदवार निघालेत! वाटेतच आहेत, पाच मिनिटांत आपल्यात पोचतील. कृपया कुणी जागा सोडू नका!"

दाजींनी माइकवर दणक्यात जाहीर केलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. कारण या खेपेचे उमेदवार दाजीच होते.

लोकांच्या ध्यानात यायला एक क्षण गेला. मग गिरणीवाल्याने मागून विचारलं, "कुठवर आलेत ओ?" दाजींनी सवयीने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि सांगितलं, "पुलापाशी." त्यानंतर जे हसू उसळलं, ते माझ्या कर्ण्यांतून खरोखरच पुलापर्यंत गेलं असेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझा माइक-कर्ण्यांचा धंदा. सभा कुठल्याही पक्षाची असो, कर्णे माझेच. दाजींचा पक्ष मात्र सव्वीस वर्षं एकच, आणि त्या पक्षात त्यांचं कामही एकच: साहेब येईपर्यंत सभा धरून ठेवायची. साहेब चारची वेळ देऊन सातला उगवायचे. मधले तीन तास दाजी एकट्याच्या घशावर काढत. खताच्या भावापासून परराष्ट्र धोरणापर्यंत कशावरही बोलत. लोक चुळबुळ करायला लागले की "साहेब निघालेत" हा हुकमी पत्ता. साहेब खरंच निघालेत की अजून दाढीच करताहेत, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसे. शेवटी एकदाची गाडी दिसली की दाजी वाक्य अर्ध्यावर सोडून, माइक रुमालाने पुसून साहेबांच्या हाती देत आणि स्टेजमागे जाऊन तांब्याभर पाणी पीत.

ताईला या उद्योगाचा मनस्वी राग. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला हे कायम पुढे," ती म्हणायची. "आणि घरातला नळ वर्षभर गळतोय, तर त्याला म्हणे साहेब निघालेत!"

तिकीट त्यांना ध्यानीमनी नसताना मिळालं. उमेदवारी ठरली होती साहेबांच्या पुतण्याची. तो अर्ज भरायच्या आदल्या दिवशी पलीकडच्या पक्षात गेला. साहेब संतापून म्हणाले, "त्या सभा धरणाऱ्याला उभा करा." दगडापेक्षा वीट मऊ, एवढाच त्यातला विचार. दाजींना फोन आला तेव्हा त्यांनी निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, सभा किती वाजता?"

निकाल आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच आशा लावून बसणार नाही. दाजी पडले. एकशे बारा मतांनी पडले. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

खरी अडचण अशी की दाजींना स्वतःसाठी मत मागताच येईना. दुसऱ्याचं कौतुक त्यांनी न थकता तासभर केलं असतं, पण स्वतःवर आले की जीभ टाळ्याला चिकटायची. दारोदारी जाऊन पत्रक द्यायचे आणि म्हणायचे, "पक्षाकडे लक्ष असू द्या. चिन्ह विसरू नका." आमच्या शाळेतल्या निवृत्त बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "चिन्ह कळलं रे. पण उभं कोण आहे?"

"आहेत एक जण," दाजी म्हणाले. "चांगले आहेत म्हणतात."

मला राहवलं नाही. "बाई, हेच उभे आहेत!"

"मग सांगायला काय झालं याला?" बाई म्हणाल्या. "शाळेतही हजेरीला दुसऱ्यांच्या नावाला ओ द्यायचा, आणि स्वतःचं नाव आलं की खाली बघायचा."

आणि त्यावर ही पुलापाशी अडकलेल्या उमेदवाराची सभा. हसू ओसरल्यावर दाजी जेमतेम चार मिनिटं बोलले आणि खाली उतरले. मतदान तीन दिवसांवर आलं होतं.

ताई त्या दिवशी पहिल्यांदाच सभेला आली होती. तिसऱ्या रांगेत बसली होती. ती काय बोलणार या धास्तीने दाजींनी मलाही सोबत घरी नेलं. चहा झाला. मग कप उचलता उचलता ती म्हणाली, "अहो, किती घरं झाली तुमची?"

"सगळी. एकसुद्धा सोडलं नाही."

"एक सोडलंत."

दाजी दचकले. त्यांनी खिशातून यादी काढली आणि ओळीवर बोट ठेवून एकेक घर तपासायला लागले. पार शेवटच्या पानापर्यंत गेले. "कुठलं गं?"

"हे."

"अगं, तू तर घरचीच..."

"घरची म्हणून मला मत नाही की काय? परवा तो पलीकडचा उमेदवार आला होता. दारात उभा राहून म्हणाला, ताई, मला मत द्या. स्वच्छ मागितलं त्याने. मी अजून काही कबूल केलेलं नाही."

"म्हणजे तू त्याला देणार?"

"जो मागतो त्याचा विचार करावा लागतो."

दाजींचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, आता भांडण जुंपणार. पण ते उठले. टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक पत्रक घेतलं, चपला घातल्या, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने कडी वाजली.

"कोण आहे?" ताईने जागेवरूनच विचारलं.

मी मनात म्हटलं, आता हे पक्षाचं नाव सांगणार.

"मी," दाजी म्हणाले. तीन-तीन तास सभा पेलणारा तो आवाज, पण मला कान देऊन ऐकावा लागला. "मी उभा आहे या खेपेला. मला मत द्या."

ताईने दार उघडलं, पण ती बाजूला झाली नाही. "काय करणार निवडून आलात तर?"

मग दाजी बोलले. पाण्याच्या टाकीचं बोलले, दवाखान्यात नर्स येतच नाही त्याचं बोलले, शाळेपुढच्या खड्ड्यांचं बोलले. पंधरा-वीस मिनिटं बोलले असतील. ताईने मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांचं संपल्यावर तिने पत्रक घेतलं, पुढून वाचलं, उलटून मागून वाचलं.

"विचार करते," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

"ताई, अगं दाजी बाहेर राहिले!"

"राहू देत. उमेदवार आहेत ते," तिने पदराने डोळे पुसले. "जरा उभं राहू दे त्यांना." आणि पत्रक चुरगळू नये म्हणून ती कपाटातली जड वही शोधायला लागली.