गिरणीमागची गाडी

मिस्त्रींना गाडीचं नुसतं तोंड दिसलं तरी पुरे. तोंड म्हणजे पुढची जाळी आणि दोन दिवे. उभा जन्म ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात गेलेला, त्यामुळे कुठली गाडी, कुठलं मॉडेल, कोणत्या सालचं, हे ते चहाचा कप खाली न ठेवता सांगत. त्यांच्या बायकोला गाड्या सगळ्या सारख्याच. "चार चाकं, आणि आत एक घाईतला नवरा," असं ती म्हणायची. तिला ओळखू यायच्या त्या जागा.

फोटोवालीच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी शहराचे जुने फोटो टेबलावर पसरले जात आणि हे जोडपं त्यांवर वाकून बसे. गाडी मिस्त्रींनी सांगायची, गल्ली तिने. तिची रीत साधी होती. फोटोचा वरचा अर्धा भाग ती तळहाताने झाकायची. "घरं वरून बदलतात," ती म्हणायची. "मजला चढतो, पाटी बदलते, रंग बदलतो. पायरी कोण बदलायला बसलंय? खालून बघावं माणसाने."

ती जाऊन वर्ष होत आलं होतं. मिस्त्री अजून येत होते. गाडी सांगत आणि गप्प बसत. गल्ली मग पोस्टमन सांगे. पोस्टमन निवृत्त झालेला, सगळं शहर पायाखालून गेलेलं, आणि आपलं चुकतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

आता वाचनालयाच्या भिंतीवर हे फोटो लागायचे होते. प्रत्येकाखाली जागेचं नाव. सगळे उरकले, एक राहिला.

त्या फोटोत एक अरुंद गल्ली होती. पुढे जाऊन डावीकडे वळणारी. दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली बुटकी घरं, एका पायरीशी बादली, आणि मधोमध उभी काळी, चकचकीत गाडी. माणूस एकही नाही. हा फोटो पहिल्यांदा टेबलावर आला तेव्हा बायको उठूनच उभी राहिली होती. "अहो, ही आमची गल्ली! गिरणीमागची! ती पायरी बघा, कोपरा फोडलेली. हातगाडी वळावी म्हणून फोडली होती."

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं आणि मान हलवली. ही गाडी तिच्या जन्माच्याही बऱ्याच आधीची. आणि नवी कोरी, म्हणजे फोटोही तेव्हाचाच. त्या काळी गिरणीमागे तळं होतं. ते बुजवून घरं झाली ती पुढे सात-आठ वर्षांनी.

"म्हणजे गाडी तळ्यात उभी आहे का गं?"

"तुमची गाडी खोटं बोलते."

"गाडी खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते?"

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. भाजी निवडताना, दिवा मालवताना, पाहुण्यांसमोर. हसतच चालायचं, पण तिच्या हसण्यात एक खडा असे. कारण ती गल्ली आता नव्हती. त्यांच्या लग्नाआधीच रुंद रस्त्याखाली गेली होती, घरांसकट, आणि तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. माहेरचंही कुणी उरलं नव्हतं. ही ती गल्ली असेल, तर तिचं बालपण जगात एवढ्याच कागदावर शिल्लक होतं. आणि नसेल, तर कुठेच नाही.

"लिहून टाका की गिरणीमागची गल्ली," फोटोवाली म्हणाली. "वहिनी म्हणत होत्या ना? कोण येतंय तपासायला?"

"दया म्हणून दिलेला निकाल तिने माझ्या तोंडावर फेकला असता," मिस्त्री म्हणाले.

"मग लिहा, ठिकाण अज्ञात," पोस्टमन म्हणाला. "गाडीवर तर तुमचा भरवसा आहे ना? का आता सासुरवाडीचा पुळका आला?"

मिस्त्री उठले. फोटो पाकिटात घालून घरी घेऊन गेले.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी तो पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवला. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. बघता बघता डोळे जड झाले. पेंगतानाही फोटो दिसत होता, फक्त जरा मोठा. मग ते गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. तिथे आवाज नव्हता. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. ओल्या फरशीचा वास येत होता, नुकतंच कुणी पाणी टाकून आत गेल्यासारखा. त्यांना वाटलं, आता कुणीतरी बाहेर येईल. कुणी आलं नाही. गाडी मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होती, तिच्या त्या ओळखीच्या तोंडाने. त्यांनाच तिच्याकडे बघवेना. म्हणून त्यांनी हात वर करून तिचं तोंड झाकलं.

डोळे उघडले तेव्हा त्यांचा तळहात खरोखरच फोटोवर होता. वरचा अर्धा भाग झाकलेला. खाली उरली होती चाकं, रस्ता आणि गाडीखालची सावली.

मिस्त्री तसेच बघत राहिले. या मॉडेलला दाराखाली लांब पायदान असायला हवं. त्यावर पाय ठेवूनच आत चढायचं. आजवर त्यांनी ते बघितलंच नव्हतं, धरून चाललं होतं. ओळखीच्या माणसाचे पाय कोण बघतो?

चहाही न घेता ते दुकानात गेले. फोटोवालीने मूळ काचेची निगेटिव्ह काढली, गाडीपुरता भाग मोठा करून उजळला. मिस्त्रींना शंका आली. आपल्याला हवं तेच दिसतंय, असं तर नाही? त्यांनी पोस्टमनला बोलावणं पाठवलं. तो आल्यावर त्याला काहीएक न सांगता म्हणाले, "इथे पायदान कसं आहे, बघ बरं. वाकलंय का?"

पोस्टमनने भिंग लावलं. बराच वेळ गेला. "वाकायला आधी असावं लागतं. पायदान कुठंय? पलीकडची फरशी दिसतेय मला."

"नीट बघ."

"अहो, नीटच बघतोय! तुमच्यापेक्षा माझे डोळे बरे आहेत."

मिस्त्री खुर्चीत बसले. मग उठले आणि जाळीवर बोट ठेवलं. जाळी आणि बॉनेट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. आता ती आंधळ्यालाही दिसली असती.

"पायदान नसलेलं मॉडेल पुढचं. खूप पुढचं," ते म्हणाले. "ही गाडी नव्या मॉडेलची आहे. धडकलेली. नवी जाळी मिळाली नसेल, नाहीतर महाग असेल. भंगारातून जुन्या गाडीचं तोंड आणून बसवलंय आणि वरून रंग मारलाय. म्हणून कोरी दिसते. अशी तोंडं मी स्वतः किती बसवली असतील! माझीच कारागिरी मला फसवून गेली."

"म्हणजे तळं तेव्हा बुजलेलं होतं," फोटोवाली म्हणाली.

"बुजलं होतं. घरंही झाली होती."

पोस्टमनने भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं, त्या फुटक्या पायरीवर धरलं. "गिरणीकडून येणाऱ्या हातगाड्या तिथे अडायच्या खऱ्या," तो पुटपुटला. "जुने टपालवाले सांगायचे." मग फोटोवालीकडे बघून म्हणाला, "बघत काय बसलीस? लिही की."

तिने जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं: गिरणीमागची गल्ली. खाली लहान अक्षरात वहिनींचं नाव, ओळख पटवणारी म्हणून. मिस्त्रींचं नाव घालू का विचारलं तर ते म्हणाले, "माझं कशाला? मी तर तळ्यात उभा होतो."

तिघेही हसले. फोटोवालीने पुठ्ठा फोटोखाली लावून पाहिला आणि सहज विचारलं, "यातलं वहिनींचं घर कुठलं हो?"

मिस्त्रींनी सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती "ही आमची गल्ली" म्हणायची आणि ते "नव्हेच" म्हणायचे. भांडण गल्लीच्या तोंडाशीच अडून राही. आत, दारापर्यंत, ते तिच्याबरोबर कधी गेलेच नव्हते. गेले असते तर तिने सांगितलं असतं.

"निवडा एखादं," पोस्टमन म्हणाला. आवाज या वेळी मऊ होता. "वळणाअलीकडे पाच-सहाच तर दारं आहेत."

"वळणापलीकडेही असेल."

"असेल."

 फोटोवाली दिवा लावायला उठली आणि तशीच पुन्हा बसली. मिस्त्रींनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. गाडीचं तोंड मागे टाकून ते नजरेनेच तिच्या कडेकडेने गल्लीत आत निघाले, पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे, कुठल्या घरात शिरावं हे कळत नसलेले. पहिल्या पायरीशी ते थांबले. दार पुढे लोटलेलं होतं. आतून कुणाचा आवाज येतो का, ते ऐकू लागले.