पहिल्या बाटलीचा होकार

सुनेने पेला नाकापाशी नेला आणि तिचा हात तिथेच थांबला. पिकल्या जांभळासारखा दरवळ यायला हवा होता. आला तो भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बुचाने बाटलीतली वाइन नासवली होती. आणि सासरे तर आत्ताच त्या बाटलीला होकार देऊन बसले होते.

वायनरीच्या वर्धापनदिनाच्या जेवणाची ही रीतच होती. घरची सर्वांत जुनी वाइन सासरे स्वतः उघडत. पहिला पेला समोर बसलेल्या सासूबाईंना, दुसरा स्वतःला. लोकांना ते बायकोचं कौतुक वाटे. मग सासरे एक घोट जिभेवर घोळवत, मान डोलवत, आणि त्यानंतरच वाइन पाहुण्यांपर्यंत जाई. त्या एका होकारावर जुनी गिऱ्हाइकं वर्षभराची मागणी नोंदवत. मालकांचं नाक म्हणजे नाक, असं आजही दोघा-तिघांचं म्हणून झालं होतं. ही बाटली टेबलावर फिरली असती, तर तेच नाक चारचौघांत कापलं गेलं असतं.

आज सासूबाई जागेवर नव्हत्या, म्हणून त्यांचा पेला सुनेच्या हातात आला होता. तिने तो हुंगायच्या आधीच सासऱ्यांनी घाईघाईने मान डोलवली होती.

चूक त्यांची की आपली? दात येणाऱ्या लेकीने कितीतरी रात्री डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. जागरणाने नाकही दगा देत असेल. तिने पुन्हा हुंगलं. पुठ्ठाच.

"बाबा, ही थोडी कोमट वाटतेय. दुसरी आणते," ती म्हणाली, आणि कोणी काही विचारायच्या आत बाटली-पेला उचलून चालू लागली.

तळघराच्या वाटेवर ऑफिसची खोली होती. तिथे सासूबाई नातीला खांद्यावर थोपटत येरझाऱ्या घालत होत्या. पोर रडायची थांबेना, तेव्हा त्याच भरल्या ताटावरून उठल्या होत्या. सुनेने आधी सवयीने लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

सासूबाईंनी पेल्याकडे न बघताच नाक मुरडलं.

"पुठ्ठा. ही कोणी पसंत केली?"

"बाबांनी."

त्या थबकल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. पोर जागी होईल म्हणून आवाज दाबून त्या हसत होत्या.

एका थंडीत सर्दी झाली आणि यांचा वास जो गेला तो परत आलाच नाही, त्यांनी सांगितलं. तेव्हा सुनेचं लग्नही व्हायचं होतं. तेव्हापासून पहिला पेला सासूबाईंचा. वाइन चांगली असली की त्या कानातलं चाचपत, आणि समोरून मान डोले.

"आज तुझ्या लेकीने मला उठवलं, आणि त्यांनी दिलं ठोकून."

"मग तुम्ही जा, आई. हिला मी घेते."

"मी कशाला? तुला कळलं ना?"

"कळलं."

"झालं तर."

सासूबाईंनी मोकळा हात सुनेच्या कानाकडे नेला. कान रिकामे होते. लेक ओढते म्हणून तिने कानात काही घालणंच सोडलं होतं. सासूबाईंनी एका हाताने आपल्या कानातले मोती सोडवून तिच्या तळहातावर ठेवले.

"घाल. रिकाम्या कानाचं त्यांना काय कळणार?"

नवी बाटली उघडली गेली तेव्हा सून सासूबाईंच्या खुर्चीवर बसली होती. आतून लेकीचं रडणं पुन्हा ऐकू आलं. तिने मान वळवली नाही. पेला नाकाशी नेला. जांभूळ, मागून किंचित लवंग. एकदाच हुंगलं, पुन्हा हुंगावंसं वाटलं नाही.

तिने कानातलं चाचपलं.

सासऱ्यांची नजर त्या मोत्यांवर थांबली. शेजारचा पाहुणा काहीतरी विचारत होता, ते त्यांना ऐकू गेलं नसावं. मग त्यांनी सावकाश, पूर्ण मान डोलवली. हातातल्या पेल्यातून घोट घ्यायचा राहिलाच.