मी समोर असताना

निनादने मायक्रोवेव्हला बुटाने ढकललं. तो हलला नाही. मातीत अर्धा रुतला होता आणि दारापासून पाठीपर्यंत नुसती चाळणी झाली होती. आजूबाजूला फुटक्या बाटल्या, बंदुकीची लाल प्लॅस्टिकची रिकामी काडतुसं, चिप्सची पाकिटं. कुणीतरी हौशी मंडळी येऊन घरातल्या भंगाराला गोळ्या घालून गेली होती. शूर लोक. मायक्रोवेव्हला ठार मारलं आणि प्रेत इथेच टाकून पळाले.

"भिकारडे," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी तो डबा उपटून आपल्या यूटच्या, म्हणजे पिकअप गाडीच्या, मागच्या हौद्यात फेकला.

"अरे, राहू दे ना तो!" मागून प्रणव ओरडला. "त्यालाच मारू. कागदापेक्षा मजा येईल."

प्रणव म्हणजे निनादच्या बहिणीचा, यामिनीचा, नवरा. मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आजच्यासाठी त्याने डोक्यापासून पायापर्यंत पानापानांचे जंगली कपडे घेतले होते. झाडीत लपायला. कागदाच्या टार्गेटपासून. टोपीचा टॅग अजून मागे लोंबत होता आणि निनादने ठरवून तो त्याला सांगितला नव्हता.

"कचऱ्यावर गोळ्या मारत नाही मी, जिजू."

"बरं, मग बाटली? एक बाटली ठेवू. खळ्ळकन फुटली की व्हिडिओ काय येईल!"

"काच तर अजिबात नाही. ती कोण उचलणार? हे सगळ्यांचं जंगल आहे. लोक पोरं घेऊन येतात इथे."

"रिलॅक्स, साले साहेब. आर्मीत आहेस का?"

निनाद खाली वाकला. तो काचा वेचत राहिला. मेलबर्नच्या पश्चिमेला दीड तासावरचं हे सरकारी जंगल, जूनची कडक थंडी, आणि समोर मातीचा उंच बांध. झाडलेली गोळी त्या बांधात जाऊन गपगार व्हावी, म्हणून त्याने ही जागा शोधली होती. आधी दोनदा येऊन बांधामागे कुठे पायवाट नाही ना, हे चालत जाऊन बघितलं होतं. आणि इथे याला खळ्ळकन पाहिजे होतं.

प्रणवच्या इलेक्ट्रिक गाडीत निनादचे बाबा बसले होते. सीट गरम होते म्हणून. चिंचवडहून आल्यापासून त्या सीटचं कौतुक त्यांनी इतक्यांना फोनवर सांगितलं होतं, की निनादला वाटायचं बाबा ऑस्ट्रेलियाला नाही, त्या सीटवर आलेत. येतानाही ते प्रणवच्याच गाडीत बसले. निनाद पुढे यूटमध्ये एकटा, मागच्या सीटवर कुलूपबंद पेटीत रायफल.

प्रणव येणार हे मुळात ठरलंच नव्हतं. निनादने फक्त बाबांना बोलावलं होतं. इथे आल्यावर त्याने युनिव्हर्सिटी अर्धवट सोडली, डेटा सेंटरमध्ये नोकरी धरली, आणि तेव्हापासून घरात त्याच्या नावापुढे "काहीतरी कॉम्प्युटरचं करतो" एवढंच होतं. पण ही एक गोष्ट त्याला येत होती. कुणी शिकवली नव्हती. क्लबातल्या म्हाताऱ्यांच्या मागे बसून, व्हिडिओ बघून, चुकत माकत त्याचा तो शिकला होता, आणि आता तेच म्हातारे त्याला वाऱ्याचं विचारायचे. बाबांनी एकदा मागे उभं राहून बघावं. टाळ्या नकोत, काही नको. नुसतं बघावं. एवढ्यासाठी त्याने हा रविवार धरला होता.

आदल्या रात्री जेवताना प्रणव म्हणाला, मी पण येतो. झालं. अधिक महिना चालू होता. आईने यामिनीच्या किचनमध्ये डबाभर अनारसे तळले होते, जावयाला ओवाळलं होतं, चांदीचा दिवा दिला होता. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. विष्णूला नाही कोण म्हणणार?

विष्णू आत्ता यूटच्या टायरला टेकून अनारसा खात होता.

निनादने टार्गेटचा स्टँड बांधापाशी रोवला, कागद ठोकला, परत आला. मग मॅट अंथरली, शेजारी दुर्बीण ठेवली, पेटी उघडली, रायफल तिच्या दोन पायांवर ठेवली. नळी बांधाकडे, बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवून उडवणारा दांडा, मागे ओढलेला, आत गोळी नाही. जमिनीवर चुन्याने रेघ मारली.

"बाबा, या. हे कानाला लावा. आणि या रेघेच्या मागेच थांबा."

बाबा गाडीतून उतरले. मफलर, त्यावर माकडटोपी, त्यावर इअरमफ. हातात फोन.

"हं, चला प्रणवराव," ते म्हणाले. "तुमच्या हस्ते होऊन जाऊ दे."

निनाद गुडघ्यावर होता, तसाच थांबला.

"जिजूंना नाही मारता येणार, बाबा. लायसन्स नाही त्यांच्याकडे."

"अरे, पण तुझं आहे ना?"

"माझं मला. इथे दुसऱ्याच्या हातात दिली तर माझं जाईल. क्लबच्या रेंजवर चालतं, तिथे नेईन त्यांना. इथे नाही."

"कोण बघतंय इथे जंगलात?"

"एकच शॉट, मॅन," प्रणव म्हणाला. "वन. यामिनीला पाठवायला."

"नाही."

बाबांनी इअरमफ खाली ओढले. आता त्यांचा आवाज बँकेतला झाला. तिथे ते मॅनेजर होते.

"निनाद, ते जावई आहेत. अधिक महिन्यात जावयाने तोंडाने काही मागितलं, तर घरातला माणूस नाही म्हणत नाही. एवढं तरी लक्षात ठेव. तुझं काय, तू दर रविवारी मारतोसच."

"बाबा, मी तुम्हाला दाखवायला आणलंय."

"दाखव की. आम्ही कुठे पळून चाललोय? आधी त्यांचं होऊ दे."

निनादची कानशिलं तापली. प्रणव बुटाच्या टोकाने चुन्याची रेघ पुसत होता. मुद्दाम नाही, नुसतं चाळा म्हणून. या माणसाच्या हातात रोज लोक आपला श्वास देऊन झोपतात, हे निनादला कधी खरं वाटायचं नाही.

"नो वरीज, बाबा," प्रणव म्हणाला. "जाऊ दे. त्याचं खेळणं आहे."

तेवढ्यात वारा आला आणि टार्गेटच्या कागदाचा एक कोपरा सुटून फडफडायला लागला.

निनादने बोल्ट पूर्ण बाहेर काढून जॅकेटच्या खिशात टाकला. गोळ्यांचा डबा यूटमध्ये ठेवून यूट लॉक केली. नियम होताच, पण आत्ता तो नियमासाठी करत नव्हता. या दोघांची त्याला इतकी किळस आली होती, की त्यांच्याजवळ नुसती काडेपेटीही त्याने ठेवली नसती.

"कागद नीट करून येतो. मी समोर असताना रायफलला हात लावायचा नाही. कुणीच. कळलं?"

"यस सर," प्रणव म्हणाला आणि सलाम ठोकला. बाबा हसले.

नारिंगी जॅकेट घालून तो चालत गेला. बांधापाशी पोचल्यावर त्याने कोपऱ्यात दोन पिना मारल्या, कागदावरून तळवा फिरवला. छान बसला. मग तो वळला.

मॅटवर प्रणव पालथा पडला होता. गाल रायफलच्या दस्त्याला, डोळा स्कोपला. नळी सरळ निनादकडे. आणि त्याच्या मागे, जरा बाजूला, बाबा फोन आडवा धरून वाकले होते.

खिशातला बोल्ट निनादने मुठीत धरला. थंड होता. त्या रायफलीतून आत्ता काहीही सुटणं शक्य नव्हतं, लोखंडी नळीचा तुकडा होता नुसता. हे त्याला माहीत होतं. त्या दोघांना नव्हतं. बोल्ट म्हणजे काय हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्याने दोन्ही हात डोक्यावर हलवले. ओरडला. वाऱ्यात गेलं ते.

बाबांनी पण हात हलवला. लांबून, मजेत, स्टेशनवर सोडायला आल्यासारखा.

निनादने हात खाली घेतले. बाजूला झाला नाही, खाली बसला नाही. नुसता त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. मग चालायला लागला. सरळ. नळीच्याच रेषेत.

तो पोचेपर्यंत प्रणव उठून गुडघ्यावरची माती झटकत होता.

"फक्त स्कोपमधून बघत होतो, हां. मारली नाही. चिल."



"बघ, बघ काय फोटो आलाय," बाबा म्हणाले. त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला. "हिरोच दिसतायत प्रणवराव." मग बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. नळीच्या टोकाच्या बरोबर पुढे एक नारिंगी ठिपका होता, हात वर केलेला. "आणि हा बघ. तू पण आलायस."

बाबांचा चेहरा खरंच आनंदी होता. तेच निनादला सहन होईना. रागवायलाही त्या चेहऱ्यात कुठे जागा नव्हती.

"छान आलाय," तो म्हणाला.

"बघू," म्हणत प्रणवने फोन घेतला. हसतच घेतला. मग बघत राहिला. त्याने फोटो लहान केला, परत मोठा केला. टोपीखाली त्याचे कान पांढरे पडत गेले. त्याने एकदा बांधाकडे बघितलं, एकदा मॅटकडे.

"काय, पाठवताय ना यामिनीला?" बाबांनी विचारलं.

"नीट नाही आला, बाबा." त्याचा अंगठा स्क्रीनवर दोनदा फिरला. "उडवला मी."

"अहो! चांगला तर होता. थांबा, दुसरा काढू."

"नको."

"असं कसं, परत झोपा तुम्ही, मी या बाजूने—"

"नको म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत प्रणव त्यांच्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. बाबा गोंधळले. त्यांनी निनादकडे असं बघितलं, जणू यात त्याचाच काहीतरी हात असणार.

"बघ, हिरमोड केलास त्यांचा," ते पुटपुटले. "जरा मारू दिली असतीस तर काय बिघडलं असतं?" मग त्यांनी मफलर आवळला. "मी आपला गाडीत बसतो. थंडी आहे. आणि बंदुकीचा आवाजही फार मोठा येतो म्हणे. झालं की या."

"बाबा," निनाद म्हणाला.

"हं?"

"काही नाही. इअरमफ द्या माझे."

बाबांनी ते काढून दिले आणि गेले. गाडीचं दार लागलं. काच वर गेली.

निनाद यूट उघडून गोळ्यांचा डबा घेऊन आला आणि मॅटवर बसला. खिशातून बोल्ट काढून जागेवर सरकवला. प्रणव ते बघत होता. बोल्ट, मग जिथे तो गेला ती भोकाची जागा, मग निनादचा खिसा. एकेक करून बघितलं त्याने.

"तो तुझ्याजवळ होता?"

"हो."

"पूर्ण वेळ?"

"हो."

प्रणवने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा म्हणाले, ट्रिगरच्या कडीत बोट घाला, खरं वाटेल. घातलं मी. तू दिसत होतास स्कोपमध्ये. मधोमध. दाबलं मी, निनाद. फोटोसाठी."

निनादकडे बोलायला खूप होतं. सकाळपासून साठवून ठेवलं होतं, एकाहून एक झणझणीत. त्याने समोर बघितलं. प्रणव आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होता.

"रेघेच्या मागे व्हा," निनाद म्हणाला. "आणि हे घाला कानाला."

प्रणव मागे झाला. पुसलेल्या जागी त्याने अंदाजाने दोन पावलं जास्तच सोडली.

निनादने खिशातले बोळे स्वतःच्या कानात घातले आणि तो पालथा झाला. गोळी भरली. श्वास अर्धा सोडला, थांबला. आवाज बांधावर आपटून परत आला आणि झाडांतून पांढरे काकाकुवे कर्कश ओरडत उडाले. गाडीकडे त्याने बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. गरम सीट मागे टाकून बाबा झोपले होते, तोंड उघडं.

प्रणवने मॅटशेजारची दुर्बीण उचलली. टोपी उलटी केली, दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि इतका वेळ स्थिर उभा राहिला की तो श्वास घेतोय की नाही कळेना.

"काळ्या गोलाच्या आत," तो म्हणाला. "जरा डावीकडे."

"वारा आहे."

"मग?"

"मग अजून एक मारायची."

"मार," प्रणव दुर्बीण खाली न घेता म्हणाला. "मी बघतोय."