माणशी पाच लिटर

उचगावच्या अंजनाबाई कांबळेंनी एकतीस वर्षं शाळेत तिसरीला भूगोल शिकवला. 'चारी बाजूंनी पाणी असतं त्याला बेट म्हणतात' हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की ते म्हणताना हात आपोआप खडूकडे जायचा. पण निवृत्तीच्या समारंभात शाल खांद्यावर पडता पडता त्यांच्या मनात आलं, आपण बेट कधी पाहिलंच नाही. बेट सोडा, समुद्रही नाही.

"त्यात काय बघायचंय?" त्यांचे यजमान दादासो म्हणाले. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. कोकणात शेकडो फेऱ्या मारलेले. "पाणी हाय नुसतं. त्येबी पिता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी बाई शाहूपुरीत जाऊन विजयसिंहाच्या टूरच्या ऑफिसात देवगडच्या पुढच्या एका लहानशा बेटावर दोघांचं बुकिंग करून आल्या.

नेमकी त्याच आठवड्यात इंधनाची टंचाई सुरू झाली. पंपावरच्या रांगा हायवेपर्यंत गेल्या, एसटीच्या निम्म्या गाड्या बंद झाल्या. बुद्ध पौर्णिमा झाल्यावर बाई पुन्हा शाहूपुरीत गेल्या, तेव्हा विजयसिंह पंखा बंद करून, प्लॅस्टिकच्या नारळाच्या झाडाखाली वहीनं वारा घेत बसला होता.

"काकी, बेट जागेवर हाय," त्यानं आधी धीर दिला. "खोली हाय, जेवण हाय, बोट हाय. फक्त बोटीत घालायला डिझेल न्हाय. ज्यानं त्यानं आपलं आणायचं ठरलंय. माणशी पाच लिटर."

"पाचच का?"

"दोन जायला, दोन यायला आणि एक लाटांचं."

"लाटांचं म्हणजे?"

"लाटा आल्या तर जास्ती लागतंय की! आणि पंचवीस तारखेनंतर बोट न्यायची बंद बघा, आणायला तेवढी येतीया. पावसाळा लागतोय."

दोघं स्कूटीवरून दोन कॅन घेऊन पंपावर गेले. कॅनमधी मिळणार न्हाय, गाडी आणा, असं पंपावरच्या माणसानं सांगितलं. स्कूटीला डिझेल चालत नाही म्हणूनच कॅन आणलेत, हे बाईंनी त्याला तीनदा समजावलं. त्यालाही ते पटलं. पण डिझेल त्यानं दिलं नाही. ट्रॅक्टरला मात्र वेगळी रांग होती, आणि एका वेळी वीस लिटर.

शेजारच्या केरबाकडे ट्रॅक्टर होता.

"नेवा की," केरबा म्हणाला. "पर टाकीत भरल्याव त्ये काढणार कसं? तोंडानं वडणार? त्यापरीस ट्रॅक्टरच नेऊ बोटीपाशी. मी येतो."

"मग मी काय घर राखू व्हय?" आतून तानाबाई, केरबाची बायको, ओरडली.

माणसं चार झाली. बोटीलाच वीस लिटर लागणार, म्हणजे रांगेतलं सगळं तिकडेच जाणार. मग ट्रॅक्टर कशावर जाणार? इतके दिवस बेटाचं नाव काढलं की जांभई देणारे दादासो इथे एकदम जागे झाले. त्यांनी कॅलेंडर उलटं करून पेन घेतलं. एकशे चाळीस किलोमीटर. लिटरला पाच. म्हणजे अठ्ठावीस, आणि बोटीचे वीस.

"दोनदा रांग लावायची. चाळीस झालं. ऱ्हायलं आठ," ते म्हणाले. "गगनबावड्याच्या म्होरं घाट हाय. सगळा उतार. हितं इंजान बंद!"

"नोकरीत कुणी असं केलं असतं तर तुम्हीच त्याची तक्रार केली असती," अंजनाबाई म्हणाल्या.

"आता मी निवृत्त हाय."

"आणि परत कसं यायचं?"

"वैनी, आदी जाऊ तर द्या," केरबा म्हणाला, आणि सभा संपली.

पहिल्या रांगेत दीड दिवस गेला, दुसऱ्या रांगेत दोन. अंजनाबाई ट्रॉलीत सतरंजी टाकून, छत्री उघडून बसल्या होत्या. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं केरबाला विचारलं, "काय पावणं, एवढं डिझेल कशाला?"

"बेटासाठी," केरबा म्हणाला.

"बीट? आपल्याकडं येतंय व्हय बीट?"

"अजून बघितलं न्हाय. आता बघायचं."

संध्याकाळपर्यंत रांगेत बातमी पसरली, की उचगावचा केरबा उसाचा नाद सोडून बीट लावतोय. तिघं जण येऊन बियाणं कुठं मिळतं विचारून गेले. अंजनाबाईंनी प्रत्येकाला बेटाची व्याख्या सांगितली. त्यावर एक जण म्हणाला, "चारी बाजूनं पाणी? मग कुजंल की वो."

चोवीस तारखेच्या पहाटे ते निघाले. गगनबावड्यापुढच्या करूळ घाटात दादासोंनी सुकाणू केरबाकडून घेतलं, पण इंजिन बंद करायला त्यांचा हात काही धजला नाही. तीस वर्षांची सवय आडवी आली. ते आठ लिटर तिथेच जळले. पंचवीसला दुपारी ट्रॅक्टर किनाऱ्याला लागला आणि अंजनाबाई ट्रॉलीत उभ्या राहिल्या. एवढं पाणी त्यांनी एका वेळी कधी पाहिलंच नव्हतं; हात आपोआप खडू शोधायला लागला.

बोटवाल्यानं मात्र पाहुण्यांकडे बघितलंही नाही. तो ट्रॅक्टरकडे बघत होता. पावसाळ्याआधी साऱ्या होड्या वाळूवर ओढायच्या होत्या आणि गावचा ट्रॅक्टर डिझेलवाचून पंधरा दिवस उभा होता. दोर आले, माणसं आली. केरबा 'नको' म्हणायच्या आत पहिली होडी ट्रॅक्टरला बांधलीसुद्धा.

"अवो, त्ये बोटीचं डिझेल हाय!" तानाबाई ओरडली.

"बोटींनाच तर लागतंय!" दादासो सुकाणूवरून ओरडले. नोकरी सुटल्यापासून त्यांना इतकं खुशीत कुणी पाहिलं नव्हतं.

अकरा होड्या वर आल्या आणि बारावीपाशी ट्रॅक्टर आचके देत बंद पडला. ती बारावी होडी बेटावर जाणारी. अंजनाबाई वाळूत फतकल मारून बसल्या. बेट समोर होतं, ओरडलं तर ऐकू जाईल इतकं जवळ. त्यांनी बोटवाल्याकडे, वर्गात बाक वाजवणाऱ्या पोराकडे बघायच्या त्याच नजरेनं बघितलं.

बोटवाला घुटमळला. मग त्यानं गावातल्या आठ जणांना हाक मारली, वल्ही काढली, आणि सूर्य बुडायच्या आत चौघांना वल्हवत बेटावर सोडलं. पैसे घेतले नाहीत.

सहाव्या दिवशी पुण्याहून लेकीचा, संघप्रियाचा फोन आला. "आई, दोन दिवसांसाठी गेला होता ना? कधी येताय?"

"ट्रॅक्टरला डिझेल आलं की," अंजनाबाई म्हणाल्या. "आज न्हाय आलं."

"अगं, मग काळजी नाही का वाटत?"

अंजनाबाईंनी समोर पाहिलं. केरबा आणि तानाबाई खेकड्याच्या मागं पळत होते. दादासो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून झोपले होते. लाट आली की ते झोपेतच पाय वर घेत आणि ती गेली की पुन्हा खाली सोडत.

"वाटते की," त्या म्हणाल्या. "उद्या आलं तर काय करायचं?"