नर्सबाईंचा होकार

राहीबाईंनी चंपतच्या उजव्या खांद्यावर अंगठा दाबला आणि हाडाचा गोळा जागेवर नाही हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी त्याचा हात कोपरातून धरला, हळूच बाहेर ओढला, थोडा फिरवला. आत कुठंतरी खट् झालं. चंपतनं दात आवळले, पण तोंडातून आवाज काढला नाही. त्याचा श्वास असा चालला होता की राहीबाईंचा हातही त्यासोबत वरखाली होत होता.

"काय म्हनता, बाई?" पंच धोंडीबा गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. "लढू द्याचं का ह्याले पुढं?"

आखाड्याच्या पलीकडच्या कडेला किनवटचा बाबाराव कमरेवर हात ठेवून उभा होता. तीन वर्षं बाजारहत्नूरच्या जत्रेतली शेवटची कुस्ती तोच मारून नेत होता. भोवती हजार-दीड हजार माणसं होती आणि सगळी एका बाईच्या तोंडाकडे पाहत होती.

इंद्रवेल्लीत पोलिसांनी आदिवासींच्या सभेवर केलेल्या गोळीबाराला सात वर्षं होत आली होती, तरी त्या भागात गर्दी म्हटली की फौजदार परवानगीसोबत अटी घालायचा. त्यातली एक अट अशी, की दवाखान्याचं माणूस आखाड्याजवळ हजर पाहिजे. मिशनच्या दवाखान्यातल्या राहीबाई आपणहून पुढे झाल्या. तेव्हापासून दरवर्षी कापूस, टिंक्चर, पट्ट्या पत्र्याच्या पेटीत भरून त्या आखाड्याच्या कडेला स्टुलावर बसत. चर्चच्या मंडळीत याचं फार कौतुक होतं. विधवा बाई, उन्हात, पुरुषांच्या शिव्यागाळीत जाऊन बसते, परक्यांच्या जखमा बांधते. पाळक शांतवन यांनी एकदा उपासनेत नाव घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. राहीबाईंनी मान खाली घातली ती शेवटचं गीत होईपर्यंत वर केली नाही.

कारण जत्रेच्या आठ दिवस आधीपासून त्यांना दुसरं काही सुचत नसे. कोण कुणाशी लढणार, कोण कुठल्या तालमीतून आला, कुणाचा गुडघा दुखावलेला आहे, हे सगळं त्या दवाखान्यात आलेल्या रोग्यांकडून काढून घेत. त्यांचे वडील भिवाजी हे नाव कमावलेले पहिलवान. बाप्तिस्मा झाल्यावर तेव्हाच्या पाळकांनी सांगितलं, माणसानं माणसाला मातीत लोळवावं यात देवाचा गौरव नाही. भिवाजींनी लंगोट सोडला. पण कुस्ती पाहणं सोडवलं नाही. लहानग्या राहीला खांद्यावर बसवून ते लांबच्या गावच्या कुस्त्यांना जात आणि तिची पोटरी दाबून सांगत, "आता पाय, आता हा खाली बसंल." आणि तो बसायचा. ते गेले, तिचं लग्न झालं, नवरा गेला, आणि पुढची वीस वर्षं राहीबाईंनी आखाडा पाहिला नाही. मग फौजदाराची अट आली.

"बाई?" धोंडीबानं पुन्हा विचारलं.

उत्तर एकच होतं. निखळलेला खांदा बसला म्हणजे बरा झाला असं नव्हे; पुढचा एक हिसका पुरतो. शिकाऊ पोरींना त्यांनीच हे कितीदा सांगितलं होतं. चंपत त्यांच्याच मंडळीतला, चोवीस वर्षांचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. त्याची आई पंचफुला दर रविवारी त्यांच्याच रांगेत बसायची. पण आधीच्या दोन मिनिटांत राहीबाईंनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. बाबाराव उजव्या पायावर भार देत नव्हता. दमला होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो दमला होता, आणि ते चंपतलाही दिसलं होतं.

चंपत त्यांच्याकडे पाहत होता. विनवणी नव्हती त्या नजरेत. नुसता पाहत होता.

"चालते," राहीबाई म्हणाल्या.

धोंडीबानं हात वर केला. गर्दीतून असा आवाज उठला की झाडावरचे बगळे उडाले.

चंपत उजवा हात छातीशी ठेवून आत गेला. बाबारावनं ते हेरलं आणि सरळ त्याच हाताला झोंबला. मनगट पकडून त्यानं चंपतला एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. प्रत्येक हिसक्याला चंपतची मान मागं जात होती. राहीबाई कधी उठून उभ्या राहिल्या हे त्यांना कळलं नाही. आता हात सोडवून घे, असं शहाणं माणूस म्हणालं असतं. चंपतनं सोडवला नाही. हात त्याच्याकडेच राहू दिला आणि आणखी जवळ सरकला, छातीला छाती लागेपर्यंत.

"घाल!" राहीबाई ओरडल्या. "आतून घाल! घाल टांग!"

चंपतचा पाय आत गेला. दोघं एकदम कोसळले, आणि धूळ खाली बसली तेव्हा बाबारावची पाठ मातीला लागलेली होती. माणसं आखाड्यात घुसली. कुणी फेटा उडवला, कुणी हलगी ओढून घेतली. राहीबाई दोन्ही मुठी डोक्याच्या वर धरून उभ्या होत्या, पायाशी पेटी उलटली होती, टिंक्चरचा तांबडा ओघळ त्यांच्या चपलेखाली जात होता.

मग लोकांनी चंपतला उचललं, आणि त्याचा उजवा हात खाली लोंबला.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी हात बांधला, एक्सरे उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. खोबणीच्या कडेचं हाड तुटलं होतं.

"हा खांदा आधी एकदा निखळला असणार," ते म्हणाले. "मग पुन्हा लढू कसं दिलं? तिथं पाहणारं कुणी नव्हतं का?"

राहीबाईंनी तोंड उघडलं, पण पंचफुलाच आधी बोलली.

"व्हत्या ना साहेब. आमच्या बाई व्हत्या म्हनून तं पोरगं वाचलं."

डॉक्टरांनी राहीबाईंकडे पाहिलं. राहीबाई एक्सरेकडे पाहत राहिल्या.

दहा दिवस त्यांनी दवाखान्यात मान वर न करता काम केलं. प्रार्थनेला बसल्या की पहिल्या दोन शब्दांनंतर चंपतची छाती बाबारावच्या छातीला भिडायची आणि मन पुन्हा तिथंच जाऊन उभं राहायचं. वाईट याचंच वाटायचं, की आठवण आली की अजून आनंदच होत होता. अकराव्या दिवशी दुपारी त्या चंपतच्या घरी गेल्या. पंचफुला शेतात गेली होती. चंपत अंगणातल्या बाजेवर बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होता.

राहीबाईंनी त्याच्या गळ्यात अडकवलेल्या हाताच्या झोळीची गाठ सोडली, खांदा तपासला, नवी गाठ बांधली.

"मुकादम काय म्हणते?"

"गाठी उचलाचं काम ह्या हंगामात नाई म्हनते. गेटावर बसवलं. पुढचं पुढं पाहू म्हनते."

राहीबाई बाजेच्या कडेवर टेकल्या. हात मांडीवर घट्ट धरले.

"चंपत, त्या दिवशी खांदा निखळला होता. मले कळलं होतं."

"मले बी."

"नाई म्हणाचं माझं काम होतं. तुले खेळू द्याचं नव्हतं. मले कुस्ती पाहाची होती. म्हणून हो म्हटलं. दुसरं कारण नाई."

चंपतनं हातातली शेंग फोडली, दाणे खाल्ले नाहीत. खाली ठेवले.

"मी तुमच्याकडंच काऊन पाह्यलं, मालूम हाये? धोंडीबानं मले इचारलं व्हतं आधी. म्या म्हटलं, बाईले इचारा. दुसरं कोनी असतं तं नाई म्हटलं असतं. तुमी हो म्हननार, ठाऊक व्हतं मले."

"कसं काय ठाऊक?"

"बाई, तुमी पट्टी बांधता अन् मान वळवून आखाड्यात पाहाता. साऱ्या गावाले मालूम हाये. मागल्या साली माह्या दोस्ताचं बोट मोडलं व्हतं. तुमी अंगठ्याले पट्टी बांधून देली. तो बिचारा तसाच घरी गेला."

राहीबाईंचे कान तापले. इतकी वर्षं आपण झाकून ठेवलं म्हणून जे जपलं, ते उघड्या अंगणात असं शेंगांच्या टरफलांसारखं पडलेलं होतं.

"तुझ्या आईलेही मालूम आहे?"

"आईले नाई," चंपत म्हणाला. "आई कुस्त्या पाहात नाई." मग म्हणाला, "हात माहा व्हता, होकार तुमचा व्हता. दोघाईचं हाये हे. तुमी एकट्याच घेऊन नोका जाऊ."

राहीबाई तिथून निघाल्या त्या सरळ शेताच्या वाटेनं गेल्या. पंचफुला कापूस वेचत होती. ओळीच्या ह्या बाजूला उभ्या राहून राहीबाईंनी तिला सगळं सांगितलं. पंचफुलानं वेचणं थांबवलं नाही. ओळ संपल्यावर ओटीतला कापूस पोत्यात टाकला आणि म्हणाली, "आता जा तुमी." एवढंच. पुढच्या रविवारी ती राहीबाईंची रांग सोडून वेगळ्या रांगेत बसली.

त्याच आठवड्यात पाळक शांतवन राहीबाईंच्या घरी आले. सुगीची उपासना जवळ आली होती. हातात नावांची यादी होती.

"मंडळीपुढं तुम्हाला उभं करून आभार मानायचं ठरलंय," ते म्हणाले. "जत्रेतल्या सेवेबद्दल."

"माझं नाव खोडा, पाळकसाहेब."

त्यांनी नम्रता समजून हसून मान हलवली. राहीबाईंनी मग त्यांनाही सांगितलं. वडिलांपासून सुरुवात केली आणि एक्सरेपर्यंत आल्या. कुठंच आवाज खाली आणला नाही. सांगून झालं तेव्हा शांतवन यांचा चहा गार झाला होता.

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि यादीतली एक ओळ खोडली.

"म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही जत्रेला जाणार नाही."

"जाईन."

शांतवन यांनी वर पाहिलं.

"मलमपट्टीला इच्चोड्याचा कंपाउंडर बोलवा," राहीबाई म्हणाल्या. "त्याले कुस्तीचं काही वेड नाही. मी त्या स्टुलावर पुन्हा बसणार नाही. मी पाहायला जाईन."

  पाळकांनी यादीची घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"बायकांना बसायला जागा असते का तिथं?" त्यांनी विचारलं.

"नाही," राहीबाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर उभं राहूनच पाहावं लागते."