मुल्सानच्या वळणावरची पिवळी पाटी

मित्रांनो, पाटी म्हटलं की तुम्हाला खडू, फडकं आणि पाढे आठवतात. मी त्या घराण्यातली नव्हे. मला कुणी कधी दप्तरात घालून मिरवलं नाही. शर्यतीच्या रस्त्याकडेला उभं राहून धावत्या गाडीतल्या माणसाला निरोप द्यायचा, हा माझा धंदा होता. आता माझा रंग उडाला आहे, एक कोपरा कुजला आहे, आणि माझ्या मालकिणीच्या, ओदिलच्या, अंगणातल्या कुंड्यांना समुद्राचा वारा लागू नये म्हणून मी आडोसा होऊन उभी असते. दिवसचे दिवस कुणी बोलायला नसतं. तुम्ही आलाच आहात तर जरा बसा.

माझा जन्म समुद्रकाठच्या दुआर्नने गावचा. ओदिलचे वडील तिथे होड्या बांधायचे. एका होडीतून उरलेली फळी त्यांनी मापात कापली, तिला होडीचाच पिवळा रंग दिला आणि मागची गाडी किती सेकंदांवर आहे ते सांगणारे आकडे टांगायला तांब्याचे हुक ठोकले. शिवाय तीन निरोपांच्या तीन पट्ट्या केल्या. 'आत ये', 'जोरात' आणि 'हळू'. शेवटचा हात फिरवताना म्हातारा स्वतःशीच पुटपुटला, "जिल्दास ऐकत तर कुणाचंच नाही. निदान वाचेल तरी."

जिल्दास मोर्व्हाँ हा त्यांचा धाकटा मुलगा. शर्यतीत गाड्या चालवणारा. आई लवकर गेल्यामुळे त्याला सहा वर्षांनी मोठ्या ओदिलनेच वाढवलं होतं. म्हणजे ती सांगत राहिली आणि तो न ऐकता वाढला, असं म्हणणं जास्त बरोबर. तरुणपणी तो एकट्याने बसायच्या, उघड्या चाकांच्या गाड्या चालवायचा. त्या शर्यती दीड-दोन तासांत संपतात. तो सगळ्यांच्या पुढे सुटायचा आणि अर्ध्यावर काहीतरी मोडून रस्त्याकडेला उभा राहायचा. वर्तमानपत्रवाले त्याला 'अर्ध्या वाटेचा मोर्व्हाँ' म्हणू लागले. पस्तिशीला आला तेव्हा त्याला गाडी द्यायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हा त्रेव्हू नावाच्या एका संघमालकाने त्याला ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी विचारलं. लहान इंजिनाची गाडी आणि तीन ड्रायव्हर, आळीपाळीने चालवणारे.

"चोवीस तास?" जिल्दास म्हणाला होता. "ही शर्यत आहे की नोकरी?"

पण दुसरं काही हातात नव्हतं, म्हणून तो गेला. ओदिलने मासळीचे डबे भरणाऱ्या कारखान्यातून चार दिवसांची रजा काढली आणि मला गुंडाळून त्याच्या मागोमाग गेली. तिला त्याचा चषक नको होता. त्याने एकदा, फक्त एकदा, कुणाचं तरी ऐकावं आणि गाडी शेवटपर्यंत आणावी, एवढंच तिला हवं होतं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी झेंड्याजवळ, लोकांच्या गर्दीत असेन. छे. तिथला फेरा साडेतेरा किलोमीटरचा. झेंडे, बँड, संघांचे तंबू सगळं एका टोकाला. पाट्या मात्र दुसऱ्या टोकाला, मुल्सानच्या वळणावर. लांबलचक सरळ रस्त्यावरून आलेल्या गाड्या तिथे सगळ्यांत हळू होतात, म्हणून वाचणं शक्य होतं. मालक तिकडून टेलिफोन करणार, आम्ही इकडे पाटी धरणार आणि ड्रायव्हर दीड सेकंदात ती वाचून निघून जाणार. वाचली की तो एक बोट वर करायचा. ज्या माणसासाठी आम्ही तिथे होतो तो आम्हाला एवढाच भेटायचा.

आमच्याबरोबर टेलिफोनवर फिर्मँ असायचा. गावातला निवृत्त पोस्टमन. तो येताना पाव, डुकराच्या मांसाची चटणी आणि साइडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली आणायचा, आणि ओदिलच्या खारट लोण्याची टर उडवायचा.

"पोरी, तुमच्याकडे लोण्यात मीठ घालतात की मिठात लोणी?"

"तुम्ही खाता तर तीन-तीन स्लाइस," ओदिल म्हणायची.

पहिल्या वर्षी रविवारी सकाळी, पंधरावा तास चालू असताना त्रेव्हूचा फोन आला. पेट्रोल संपत आलंय, आत बोलवा. ओदिलने 'आत ये' लावलं. जिल्दास आला, त्याने पाहिलं, बोट वर केलं आणि आत गेलाच नाही. त्या फेरीत त्याची वेळ झकास लागत होती, आणखी एक फेरी मारून बघू असं त्याला वाटलं. पुढच्या फेरीला ओदिल मला धरून उभी राहिली. तो आला नाही. बाकीच्या गाड्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. फोन वाजेना. फिर्मँ म्हणाला, "ठेव गं खाली, हात दुखतील." तिने ठेवलं नाही. मला तोंडासमोर धरून ती तशीच उभी राहिली, त्यामुळे तिला समोरचं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. पाऊण तासाने, पेट्रोल संपलेली गाडी वाटेत सोडून, झाडांतून जिल्दास चालत आला, हेल्मेट काखेत. पन्नास पावलांवर थांबला. 'आत ये' असं सांगणाऱ्या माझ्याकडे आणि माझ्याखालच्या तिच्या पायांकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग तो मागे फिरला आणि झाडांत शिरून दुसऱ्या वाटेने निघून गेला. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती. पाटीला तोंड नसतं, तिच्यावर दुसऱ्याचेच शब्द असतात.

पुढच्या वर्षी त्रेव्हूने त्याला शेवटची संधी दिली. तसं सरळ सांगितलंच. ही गाडी मोडलीस तर मला तोंड दाखवू नकोस.

त्या वर्षी सगळं जमून आलं. रविवारी दुपारी अडीचला आमची गाडी लहान गाड्यांच्या गटात पहिली होती आणि शेवटच्या दीड तासासाठी जिल्दास गाडीत बसला होता. मागची निळी गाडी तीन मिनिटं दहा सेकंदांवर होती. त्याच सुमारास ओदिलने मान वर केली.

"ऐकलंत?"

"काय?" फिर्मँ पाव कापत होता.

"गिअर खाली घेताना. पुन्हा येऊ दे, ऐका."

गाडी पुन्हा आली. वळणाआधी गिअर खाली येताना आतून वाळूवर दात घासल्यासारखा आवाज आला. फिर्मँने खांदे उडवले. पण ओदिलने वीस वर्षं डबे बंद करायच्या यंत्राशेजारी काढली होती. दातेरी चाकाचा दात तुटायच्या आधी यंत्र असंच कुरकुरतं आणि त्यानंतर फार वेळ देत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हा आवाज ऐकू येण्याची जागा अख्ख्या फेऱ्यात एकच होती, आमची. तिने फोन घेऊन त्रेव्हूला सांगितलं.

"बाई, डब्यांचं तुम्ही बघा, गाडीचं मी बघतो," त्रेव्हू म्हणाला. "निळा जवळ येतोय. 'जोरात' लावा."

ओदिलने फोन ठेवला. पावाच्या कागदावर आकडेमोड केली. एकोणीस फेऱ्या उरल्या होत्या. दर फेरीला नऊ सेकंद सोडले तर शेवटी एकोणीस सेकंद हातात राहत होते. तिने कागद दोनदा तपासला.

तिने 'हळू' लावलं.

"पोरी, तो 'जोरात' म्हणाला," फिर्मँ हळूच म्हणाला.

"मी ऐकलं."

"गाडी हरली तर?"

"तर मी हरवली. मोडली तर त्याने मोडली असं म्हणतील. ते मला नकोय."

मी जन्मभर खरं बोललेली पाटी. ते माझं एकमेव खोटं. आकडे मात्र आम्ही खरेच लावले. जिल्दास आला, वाचलं, आणि या वेळी बोट वर झालं नाही. पुढच्या फेरीत आला तो नऊ सेकंद उशिरा. पाठोपाठ फोन खणखणला.

"हा काय बैलगाडी हाकतोय का? पाटी लावलीत ना?"

"लावलीय, साहेब," फिर्मँ म्हणाला. "तो बघत नाही, त्याला आम्ही काय करणार? तुम्हीच म्हणता ना, तो कुणाचं ऐकत नाही."

त्रेव्हूला ते लगेच पटलं. जिल्दासची बदनामी अशी आमच्या उपयोगी पडली. दीड तास फोन शिव्या देत राहिला, फिर्मँ "हो साहेब" म्हणत राहिला, आणि माझ्यावरचा आकडा उतरत राहिला. दोन मिनिटं. एक मिनिट. चाळीस सेकंद. ओदिल पाणीसुद्धा प्यायली नाही. प्रत्येक फेरीला तो आवाज आदल्या फेरीपेक्षा वाईट येत होता. जिल्दासला ते आकडे दिसत होते, निळी गाडी आरशात दिसू लागली असणार, आणि तरी तो तसाच जात होता.

सतरा सेकंदांनी आमची गाडी पहिली आली. हे आम्ही पाहिलं नाही, फिर्मँच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं. तिकडे लोक रस्त्यावर उतरले, दारू उडाली, फोटो निघाले. आमच्याकडच्या वाटा गर्दीने बंद झाल्या होत्या. ट्रान्झिस्टरवर त्रेव्हू हसत सांगत होता, "मी याला दीड तास 'जोरात' सांगत होतो. हा पठ्ठ्या स्वतःच्या डोक्याने हळू गेला. मेकॅनिकांनी आत्ता गिअरबॉक्स उघडून पाहिला, दात खिळखिळा झालाय." मग जिल्दासचा आवाज आला. जरा थांबून तो म्हणाला, "हो. मला गिअरबॉक्सचा आवाज ऐकू आला."

फिर्मँने ट्रान्झिस्टर बंद केला. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? आणली ना त्याने गाडी. पाव उरलाय का?"

तिने तो पाव उभ्यानेच खाल्ला. मला फार वाईट वाटलं. तिलाही वाटलंच असणार, पण ती आकडे पेटीत भरत राहिली.

त्या दिवसापासून अर्ध्या वाटेचा मोर्व्हाँ संपला. गाडीची नाडी कळणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं. मोठे संघ त्याला मोठ्या गाड्या देऊ लागले. आणखी दोनदा तो गटात पहिला आला, आणि पुढच्या नऊ वर्षांत त्याने एकही गाडी मोडली नाही. दरवर्षी जून महिन्यात ओदिल मला घेऊन मुल्सानला उभी राहायची आणि तिकडून येईल तेच माझ्यावर लावायची. भाऊ-बहिणीत त्या दुपारचा विषय कधी निघाला नाही. तो सणाला यायचा, जेवायचा, जायचा. तिची समजूत अशी, की त्याने त्या दिवशी पाटी मालकाचा हुकूम समजून मानली. पाटी मालकाची असते, बहिणीची नसते. आपलं त्याने कधी ऐकलं नाही ते नाहीच, असं ती एकदा फिर्मँला म्हणाली होती.

मग हेल्मेटमध्ये बोलायची यंत्रं आली आणि आम्ही नकोसे झालो. कुणी वाईट बोललं नाही. ओदिलला गळ्यात घालायचा पास देऊन पाहुण्यांच्या कट्ट्यावर बसवलं. हातांचं काय करायचं ते तिला तिथे कळेना, पुढच्या वर्षी ती गेलीच नाही. मी फिर्मँच्या खोपटात, घेवड्याच्या काठ्यांमागे पडले. आकड्यांच्या पेटीत कोंबडी अंडी घालायची. तेवढीच मला सोबत. फिर्मँ वारल्यावर त्याच्या मुलीने मला ओदिलकडे पाठवलं, आणि ओदिलने मला या कुंड्यांशी लावलं.

गेल्या वसंतात जिल्दास आला. बासष्ट वर्षांचा, गुडघ्यात वाकलेला. कॉफी पिता पिता त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याने कप खाली ठेवला.

"त्या दिवशी 'हळू' लावायला कुणी सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

ओदिल सुकलेली पानं खुडत होती. "त्रेव्हूने. आणखी कोण सांगणार?"

"त्रेव्हूने जन्मात कधी कुणाला हळू जा म्हटलं होतं का?"

ओदिलने आणखी एक पान खुडलं.

"मला पाटी दिसली तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "मनात म्हटलं, ही ओदिल. मागचा जवळ येतोय आणि ही म्हणते हळू. वेड लागलं हिला. आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला."

"आणि गिअरबॉक्सचा आवाज?"

"कसला आवाज? आत इंजिनाशिवाय काही ऐकू येत नाही. माझ्यासमोर माइक धरला, मी थाप मारली. पुढे ती एवढी चालली की परत घेता येईना. मग तुझ्यासमोर तोंड उघडायची लाज वाटायची."

ओदिल हातातली पानं तशीच धरून पायरीवर बसली. "मला वाटलं होतं, तू त्रेव्हूचं ऐकलंस."

"त्रेव्हूचं मी कधी ऐकलंय?"

इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ती बराच वेळ रडली आणि जिल्दास शेजारी बसून तिच्या मुठीतली पानं एकेक करून काढत राहिला.

मित्रांनो, मला नवा रंग द्या असं मी म्हणणार नाही. वाराच अडवायचा तर उडालेला रंगही चालतो. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यासाठीही कुणीतरी गर्दीपासून लांब, आडबाजूला हात दुखेपर्यंत उभं असेल. त्याचं म्हणणं तुम्ही ऐकलं असेल, तर ऐकलं असं त्याला सांगा. ओदिल आज अडुसष्ट वर्षांची आहे. जे ऐकून ती रडली, ते तिला बेचाळिसाव्या वर्षी, त्याच संध्याकाळी कळू शकलं असतं.