उसासा टाकणारा पुतळा

मित्रांनो, शेवटच्या परीक्षेत मी मेलो आणि वहिनी नापास झाल्या.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तसं काही झालेलंच नाही. आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा असतो तसला नव्हे. माझ्यावर कबुतरं बसत नाहीत, माझ्याशेजारी माणसं गुडघे टेकतात. रुग्णवाहिकेवर काम करणारे पॅरामेडिक जिथे तयार होतात, त्या संस्थेत मी आहे. हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त कसं फिरतं ठेवायचं, हे तिथे माझ्यावर शिकवतात. मला डोकं आहे, मान आहे, कमरेपर्यंत अंग आहे आणि एक निळं जाकीट आहे. पाय नाहीत. त्यामुळे मी आजवर एकही तास बुडवलेला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात रबर ओतलं, साचा उघडला आणि मी थेट पन्नाशीचा गृहस्थ म्हणून बाहेर पडलो. बालपणाच्या आठवणी सांगाव्यात अशी इच्छा होती, पण ते खातं रिकामं आहे. छातीत एक स्प्रिंग बसवली, फुप्फुसांच्या जागी पिशवी लावली. छाती पुरेशी खोल दाबली की आतून ‘टक्’ असा आवाज येतो. माझं बोलणं एवढंच. कारखान्यातल्या तपासनिसाने मला दाबून पाहिलं, टक् ऐकलं आणि पाठीवर ‘योग्य’ असा शिक्का मारला. आयुष्यात मला मिळालेलं ते एकमेव प्रमाणपत्र.

संस्थेत मला सगळे आजोबा म्हणू लागले. विद्यार्थी यायचे, माझे खांदे थोपटायचे आणि मोठ्याने विचारायचे, “आजोबा, ऐकू येतंय का?” मला ऐकू यायचं. पण उत्तर दिलं असतं तर पुढचा धडाच झाला नसता, म्हणून मी गप्प राहायचो. मग ते छाती दाबायचे, टक् टक् व्हायचं आणि आमचे सर जाहीर करायचे, “रुग्ण शुद्धीवर आला. चला, जेवायची सुट्टी.” सरांनी उमेदीची वर्षं रुग्णवाहिकेवर काढली होती. स्ट्रेचर उचलून उचलून पाठ गेली, तेव्हा शिकवायला आले. त्या दिवसांत माझं फार कौतुक व्हायचं. मी रोज मरत होतो आणि रोज जेवणाआधी जिवंत होत होतो. इतकी चांगली तब्येत कोणाची नसेल.

मित्रांनो, इथे प्रवेश मिळणं मात्र सोपं नाही. बारावी विज्ञान लागतं आणि त्यात जीवशास्त्र लागतं. नजर चांगली हवी, काविळीची लस टोचलेली हवी, गाडी चालवण्याचा परवाना हवा. मग स्ट्रेचरची चाचणी. जोडीदाराबरोबर एक वाळू भरलेला पुतळा जिन्याने खाली आणायचा, कुठेही न आपटता. त्या पुतळ्याला चेहरा नाही, नुसतं वजन आहे, म्हणून त्याला सगळे साहेब म्हणतात. शेवटची अट वयाची. ते ओलांडलं की दार बंद. ही अट मला लागू नाही, कारण मी आलो तोच ओलांडून.

वहिनी त्या दारातून अगदी शेवटच्या वर्षी आत आल्या. चाचणीच्या दिवशीच खिशात कायम कंगवा बाळगणारा एक विद्यार्थी त्यांना शिक्षिका समजून उभा राहिला आणि गुड मॉर्निंग मॅडम म्हणाला. मॅडम नको, वहिनी म्हणा, घरी सगळे तेच म्हणतात, असं त्या म्हणाल्या. साहेबांना जिन्याने उतरवताना हाच कंगवावाला त्यांचा जोडीदार होता. तो खाली येऊन भिंतीला टेकला. वहिनींनी शांतपणे विचारलं, तुमच्या घरी सिलिंडर कोण चढवतं? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, आई.

वहिनींना सोडायला आणि न्यायला त्यांचे मोठे दीर येत. प्रवेशासाठी धावपळही त्यांनीच केली होती. ते वर्गाबाहेरच्या बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसत आणि कोणाशी फारसं बोलत नसत.

एव्हाना माझी स्प्रिंग थकली होती. दाबलेली छाती पटकन वर येईना. हात काढले की मी थोडा वेळ तसाच दबून राहायचो, मग छाती सावकाश वर यायची आणि तोंडातून आवाज निघायचा, ‘हुऽऽश’. वर्ग हसायचा. आजोबांची पेन्शन अडकली वाटतं, असं कंगवावाला म्हणायचा. सरांनी दुरुस्तीसाठी अर्ज केला. कार्यालयाने उत्तर दिलं की श्वास घेण्यास त्रास होत असल्यास रुग्णालयात दाखवावे.

म्हणून नवा पुतळा आला. तो विजेवर चालतो. नीट दाबलं की हिरवा दिवा, चुकलं की लाल. उसासा टाकत नाही. मी कपाटाशेजारी गेलो. माझ्याकडे आता फक्त वहिनी यायच्या, जेवायच्या सुट्टीत, सरावाला.

अशाच एका दुपारी त्यांनी दाबणं थांबवलं आणि मी हुऽऽश केलं. वहिनी हसल्या नाहीत. माझ्याजवळ बसल्या आणि बोलू लागल्या. त्यांचा नवरा स्वयंपाकघरातल्या नळाचं वॉशर बदलत होता. बदलता बदलता खाली बसला, मग आडवा झाला. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं तशी त्याची छाती दाबायला सुरुवात केली. मोठे दीर धावत आले. रुग्णवाहिका बोलावली होती, ती येईना. बऱ्याच वेळाने दिरांनी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, पुरे आता, सोड त्याला. मोठ्यांचा शब्द. त्यांनी सोडलं.

“हात काढल्यावर छाती थोडी वर आली होती, आजोबा,” वहिनी म्हणाल्या. “अशीच. मी कोणाला बोलले नाही.”

मला एकच शब्द येतो आणि तो दाबल्याशिवाय निघत नाही.

त्या दिवसापासून सराव संपला की त्या लगेच हात काढत नसत. माझी छाती पूर्ण वर येईपर्यंत तळवा अलगद तसाच ठेवत. उसासा व्हायचा, पण त्यांच्या हाताखाली व्हायचा. नळ अजून गळतो, असं एकदा त्यांनी सांगितलं. खाली वाटी ठेवतात.

अभ्यासक्रमाच्या शेवटी सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: गाडी एकच असते. मग त्यांनी थांबायला शिकवलं. काही माणसं परत येत नाहीत. तेव्हा फोनवरून डॉक्टर थांबायला सांगतात. हात काढायचे, घड्याळ बघायचं, वेळ मोठ्याने सांगायची आणि घरच्यांकडे वळून साध्या शब्दांत म्हणायचं, ते गेले. झोपले, सोडून गेले, असलं काही नाही. आपण तिथे अडकून पडलो तर दुसऱ्या घरी वाट बघणाऱ्याकडे कोण जाणार? सर हे फळ्याकडे बघून सांगत होते. वहिनींनी ते नव्या पुतळ्यावर केलं आणि नीट केलं. त्याचा दिवा विझायचा, त्या वेळ सांगायच्या.

या थांबण्याचीही परीक्षा असते, आणि ती सक्तीची असते. तीत नापास झालं तर पुन्हा पहिल्यापासून प्रवेश घ्यावा लागतो. वहिनींचं वय आता त्या अटीच्या पलीकडे गेलं होतं. त्यांना ही एकच संधी होती.

परीक्षेच्या सकाळी नवा पुतळा सुरूच होईना. चार्जिंगला लावायचा राहिला होता. म्हणजे तो खरोखर मेला होता, पण परीक्षेत तसलं मरण चालत नाही. म्हणून मला पुसून जमिनीवर ठेवलं.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई डॉक्टर झाल्या. सर खुर्चीवर बसून माझे नातेवाईक झाले. वहिनींनी खांदे थोपटले. “आजोबा, ऐकू येतंय का?” ऐकू येत होतं. मग छाती दाबली. टक् टक्, अगदी एका लयीत. बाईंनी फोन कानाला लावून सांगितलं, थांबा, हात काढा.

वहिनींनी हात काढले. घड्याळ पाहिलं. वेळ सांगितली. उठून सरांकडे वळल्या आणि ते वाक्य बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

मागून मी म्हणालो, हुऽऽश.

मित्रांनो, ती स्प्रिंग होती. हे त्या खोलीत सर्वांना माहीत होतं, वहिनींना सर्वांत जास्त. त्या परत आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि दाबू लागल्या. बाई म्हणाल्या थांबा. सर म्हणाले थांबा. टक् टक् चालूच राहिलं. शेवटी सर दुखऱ्या पाठीने खाली वाकले आणि त्यांनी वहिनींचं नेमकं मनगटच धरलं.

“वहिनी, तो पुतळा आहे.”

“मग मेला कसा, सर?”

पुतळा मेला कसा, याला गुण द्यायची सोय परीक्षेत नसते.

सर बाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात काही मागत राहिले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी फक्त फळ्याकडे बोट केलं, ‘गाडी एकच असते’ अजून तिथेच होतं. सरांचंच अक्षर होतं.

वहिनींनी नियमाप्रमाणे स्पिरिटच्या बोळ्याने माझं तोंड पुसलं. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. “येते, आजोबा,” म्हणाल्या. पुतळ्याला असं कोणी सांगून जात नाही.

दार उघडं होतं. बाकावरून दिरांनी विचारलं, “झालं?”

“झालं,” वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. नवा पुतळा आता न चुकता चार्ज होतो. मी अडगळीच्या खोलीत आहे. तिथलं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून ते माझ्या डोक्याने अडवलेलं असतं. तक्रार नाही, हाताला काम आहे, म्हणजे डोक्याला. पण मित्रांनो, तुमच्याकडे एखादा जुना पुतळा असेल तर त्याला पुसून ठेवा. त्याची स्प्रिंग वेळेत बदला. आणि तो उसासा टाकत असेल, तर तो टाकून होईपर्यंत छातीवर हात ठेवा. फार वेळ लागत नाही.

आता फक्त एक काम उरलं आहे.

प्रति, मा. प्रमुख, परीक्षा विभाग.
विषय: जिवंत असल्याचा दाखला मिळणेबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, परीक्षेच्या दिवशी अर्जदारास मृत समजण्यात आले होते. तथापि अर्जदार त्यानंतरही श्वास सोडत असल्याचे उपस्थितांनी ऐकलेले आहे. सबब, त्या दिवशी अर्जदार जिवंत होता व उमेदवाराने हात परत ठेवले ते बरोबर केले, असा दाखला त्याच तारखेने देण्यात यावा. सोबत छाती जोडली आहे, कृपया दाबून खात्री करावी. दाखला अर्जदारास नको, उमेदवाराच्या घरी पाठवावा.

आपला विश्वासू,
पुतळा (जुना)

प्रत माहितीसाठी: मोठे दीर, दाराबाहेरचा बाक.